तुरट

मागच्या महिन्यात चांद्याला बहिणीकडे गेलो होतो. मुळशी तालुक्यातले हे गाव. नांदे-चांदे अशी जोडीने नावे घ्यायची इथली रीत. भातखाचरे अजून आहेत, पण हिंजवडीची वाढ फार लांब राहिलेली नाही आणि कुरियरवाल्याची मोटारसायकल आता नित्याची झाली आहे. त्या मोटारसायकलवरून आलेली एक बाटली भाचीने माझ्यापुढे ठेवली आणि विचारले, "मामा, टोनरला मराठीत काय म्हणायचं?"

मराठी शिकवण्यात उभी हयात गेलेल्या माणसाला उत्तर येऊ नये, ही नामुष्कीच. 'त्वचासंतुलक' असा एखादा शब्द पाडता आला असता. तसे शब्द पाडण्याचा आपल्याकडे कारखानाच आहे. पण त्याने तिला बाटलीतल्या पाण्याविषयी काय कळले असते?

उत्तर संध्याकाळी सापडले, तेही केशकर्तनालयात. दाढी आटोपल्यावर कारागिराने ओल्या तुरटीचा खडा गालांवरून फिरवला आणि कातडी क्षणभर आवळल्यासारखी झाली. तुरट! आवळा किंवा कच्चे केळे जिभेला जे करते, तेच तुरटी गालाला करते. इंग्रजीत ज्याला अॅस्ट्रिंजंट म्हणतात त्यासाठी आपल्याकडे चवीचा, सहा रसांतला एक, शब्द पूर्वीपासून आहे. आपण तो जिभेपुरता ठेवला आणि गालासाठी दुसऱ्याचा मागून आणला.

जुना टोनर हा मुळात तुरटच होता. साबण अल्कधर्मी, त्याचा सामू ९ ते १०च्या घरात. निरोगी त्वचा किंचित आम्ल, साधारण ५च्या आसपास. साबणाने तोंड धुतल्यावर जो अंश उरतो, जड पाण्यामुळे जो थर बसतो, तो अल्कोहोल घातलेल्या द्रवाने पुसून काढायचा, असा तो व्यवहार होता. आता सौम्य, त्वचेच्या सामूशी जुळते फेसवॉश सर्रास मिळतात. म्हणजे टोनरचे मूळ कारण बऱ्याच अंशी उरलेले नाही. शब्द मात्र उरला. अर्थ घर सोडून जातो, शब्दाचे घर रिकामे राहते आणि त्यात नवे भाडेकरू येतात, हे साहित्याच्या विद्यार्थ्याला सांगायला नको.

या घरात आज निदान तीन भाडेकरू आहेत. एक तो जुना, अल्कोहोलवाला. दुसरा ग्लिसरीन किंवा हायल्युरॉनिक अॅसिडचा, ओलावा धरून ठेवणारा; म्हणजे पहिल्याच्या जवळजवळ उलट काम करणारा. तिसरा ग्लायकोलिक किंवा सॅलिसिलिक आम्लाचा, मृत पेशींचा थर सैल करणारा. कोरड्या त्वचेला दुसरा बरा. तेलकट आणि मुरमांच्या त्वचेला सॅलिसिलिक उपयोगी पडते, पण रोज सकाळ-संध्याकाळ नव्हे. आणि ग्लायकोलिक वापरणाऱ्याने उन्हापासून चेहरा जपलाच पाहिजे. बाकीच्यांनी टोनर घेतलाच नाही तरी काही बिघडत नाही. फेसवॉश, मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन यांवर भागते. लग्नात गुलाबदाणीतून शिंपडतात ते गुलाबपाणी लावल्याने प्रसन्न वाटते, तेवढेच. नाजूक त्वचेला तो सुगंधही कधी झोंबतो. आणि 'रंध्रे बंद होतात' हे जे विधान बाटल्यांवर दिसते, ते रूपक म्हणूनच वाचावे. रंध्रांना दारासारखे उघडमिट करणारे स्नायू नसतात. ती काही काळ लहान दिसू शकतात, इतकेच.

पण माझी खरी तक्रार दुसऱ्याच शब्दाविषयी आहे. भाचीच्या बाटलीवर 'ब्राइटनिंग' असेही छापलेले होते. १९७५ साली बाजारात आलेल्या 'फेअर अँड लव्हली'ने २०२० साली नावातला 'फेअर' काढून 'ग्लो' घातला. गोरेपण गेले, तेज आले. शब्द बदलला की वाक्य बदलते का? आपल्या घरातले वाक्य तर बदललेले नाही. 'मुलगी सावळी आहे, पण नाकीडोळी नीटस.' या वाक्यातल्या 'पण'वर कोणी प्रबंध लिहायला हवा. विठ्ठलाच्या सावळेपणावर सातशे वर्षे अभंग रचणाऱ्या भाषेत, मुलीच्या सावळेपणानंतर मात्र हे उभयान्वयी अव्यय हटकून येते. जाहिरातदाराने ते निर्माण केले नाही. त्याला ते आयते सापडले.

आणि त्या 'पण'ची किंमत नेहमी साडेतीनशे रुपयांवर थांबत नाही. २०२३च्या आरंभी अकोल्याच्या एका कुटुंबातील तिघींची बातमी आली होती: स्थानिक ब्युटिशियनकडून घेतलेले गोरेपणाचे क्रीम वापरल्यानंतर तिघींच्याही मूत्रपिंडांना इजा झाली, आणि मुंबईच्या केईएममधील तपासणीत क्रीममध्ये पारा आढळला. पारा रंगद्रव्याची निर्मिती दाबतो, म्हणून चेहरा उजळतो; तोच त्वचेतून शरीरात शिरून मूत्रपिंडांपर्यंत पोहोचतो. टोनर आणि ते क्रीम यांत अर्थातच जमीन-अस्मानाचे अंतर आहे. मात्र दोन्हींकडे नेणारी वाट एकाच वाक्यातून निघते, आणि ते वाक्य मुलीने बहुधा आत्या-मावश्यांच्या (आणि मामांच्याही) तोंडून पहिल्यांदा ऐकलेले असते.

आपण वर्गात कवितेच्या ओळीतला एकेक शब्द उलगडतो. बाटलीच्या पाठीवरचा बारीक मजकूर मात्र आपल्याला वाङ्मय वाटत नाही. वास्तविक त्यात एक साधा संकेत पाळलेला असतो: घटक सर्वसाधारणपणे प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने लिहितात. पुढच्या बाजूला जे कोरफडीचे चित्र असते, ती कोरफड मागे कितव्या क्रमांकावर आहे हे पाहिले की अलंकार कोणता आणि आशय कोणता ते कळते.

त्या रात्री जेवणे झाल्यावर आम्ही दोघांनी ती बाटली अशी वाचली. पहिले नाव पाण्याचे, दुसरे अल्कोहोलचे. कोरफड यादीत पार तळाशी. भाचीची त्वचा कोरडी, हिवाळ्यात गालांना भेगा पडणारी. सील अजून फोडलेले नव्हते. तिने मोबाइल काढला आणि बाटली परत न्यायला माणूस कधी येईल ते पाहू लागली. स्वयंपाकघरातून बहीण म्हणाली, "मग उजळायला काय लावायचं ते तरी सांग." मी उत्तर देण्याआधी भाचीनेच विचारले, "कशाला उजळायचं?"