चेहरा हा पुरावा नव्हे

वेळणेश्वरला आमच्या घरी संध्याकाळी सातनंतर करण्यासारखे फारसे काही नसते. देवळातली आरती आटोपते, किनाऱ्यावरचे पर्यटक आपापल्या खोल्यांत परततात आणि मग माडांच्या झावळ्यांचा आवाज तेवढा उरतो. अशा वेळी मी पडवीतल्या झोपाळ्यावर बसून वाचतो, किंवा वाचण्याचे निमित्त करून डुलक्या काढतो. गेल्या मे महिन्यात मात्र हा क्रम मोडला. पुण्याहून नातू आला. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आल्या आल्या त्याने आंब्यांची चौकशी केली आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी माझ्या मांडीवर लॅपटॉप आणून ठेवला.

"आजोबा, तुम्हाला डिटेक्टिव्ह गोष्टी आवडतात ना? मग ही एक सोडवून दाखवा."

व्हिडिओ गेम म्हणजे बंदुका, धडधडाट आणि मुलांच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळे, एवढीच माझी त्या विषयातली विद्वत्ता. पण डिटेक्टिव्ह हा शब्द ऐकला आणि मी विरघळलो. आमची पिढी बाबूराव अर्नाळकरांवर पोसली. हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिणारा हा माणूस. त्यांचा झुंजार आणि त्यांचा काळा पहाड आम्हाला घरच्या माणसांसारखे ओळखीचे होते. वाचनालयातून आणलेल्या पुस्तकाची शेवटची चार पाने हमखास गायब असत, मग खुनी कोण हे आमचे आम्ही ठरवत असू. तेव्हा ही विद्या मला अगदीच नवी नव्हती.

खेळाचे नाव 'एल. ए. नोआर'. हा २०११ साली आला. म्हणजे नातवाच्या हिशेबाने जुनापुराणा आणि माझ्या हिशेबाने कालपरवाचा. ऑस्ट्रेलियातल्या सिडनीच्या 'टीम बॉन्डी' या मंडळींनी तो घडवला आणि 'रॉकस्टार गेम्स' या कंपनीने प्रसिद्ध केला. काळ १९४७ चा, शहर अमेरिकेतले लॉस एंजेलिस. महायुद्ध संपले आहे, सैनिक घरी परतले आहेत, घरे अपुरी आहेत आणि पैसा करणाऱ्यांना मात्र सुगीचे दिवस आहेत. कोल फेल्प्स नावाचा एक तरुण ओकिनावाच्या लढाईतून पदक घेऊन परततो आणि पोलिसात लागतो. तो म्हणजे आपण. त्याच्या रूपाने आपण घटनास्थळी हिंडायचे, वस्तू उचलून पाहायच्या, टिपणवहीत नोंदी करायच्या आणि मग माणसांना समोर बसवून प्रश्न विचारायचे.

पहिल्या संध्याकाळी माझ्या हातून दोनदा मोटार खांबावर आदळली. नातवाने शांतपणे सुकाणू आपल्याकडे घेतले आणि तपास माझ्याकडे ठेवला. ही कामाची वाटणी शेवटपर्यंत टिकली.

एक प्रकरण मला फार आवडले. रेल्वेच्या मालधक्क्याजवळ रक्ताने माखलेली एक बेवारस मोटार सापडते. आत चष्मा, पाकीट आणि इतर वस्तू. मोटारीच्या मालकाचा खून झाला असणार असे कोणीही म्हणेल. पण तिथेच एक पावती मिळते. जिवंत डुकराच्या खरेदीची! खून वगैरे काही झालेला नसतो; गृहस्थ बायकोला टाकून पळालेले असतात आणि मोटारीतले रक्त डुकराचे असते. बॅंकेत पस्तीस वर्षे पावत्या आणि व्हाउचरे तपासलेल्या माणसाला याहून गोड शेवट कोणता? "बघ," मी नातवाला म्हणालो, "शेवटी कागदच बोलतो."

पण या खेळाची खरी ख्याती निराळ्याच गोष्टीसाठी आहे. यातली माणसे चित्रातली असली तरी त्यांचे चेहरे खऱ्या नटांचे आहेत. नटाला खुर्चीवर बसवून त्याच्याभोवती ३२ कॅमेरे लावले आणि त्याच्या चेहऱ्यावरची प्रत्येक हालचाल टिपून ती खेळातल्या माणसाला चिकटवली. साक्षीदार उत्तर देतो तेव्हा आपण त्याच्या चेहऱ्याकडे पाहायचे. नजर चुकवतो का? आवंढा गिळतो का? ओठ दुमडतो का? आणि मग तीनांपैकी एक निवाडा द्यायचा: खरे बोलतो आहे, संशय आहे, किंवा खोटे बोलतो आहे. खोटे म्हणालात तर पुरावा समोर ठेवावा लागतो. पुरावा हाताशी नाही असे लक्षात आले, तर तो पुढे करण्याआधी आरोप मागे घेण्याचीही सोय ठेवली आहे.

मी या परीक्षेत सपशेल नापास झालो. भल्या माणसांवर खेकसलो, लबाडांना मान डोलावली. नातू हसत होता. "आजोबा, चेहरा बघा ना! तो किती अस्वस्थ आहे!"

आणि इथे मी थबकलो. कारण हे वाक्य मी पूर्वी एकदा स्वतःच लिहिले होते, कार्यालयीन भाषेत.

१९९१ च्या सुमाराची गोष्ट. मी घाटावरच्या एका लहान गावी शाखाधिकारी होतो. कॉम्प्युटर अजून आमच्यापर्यंत पोहोचला नव्हता. जाडजूड लेजर, पितळी टोकन आणि दिवसाअखेर दोऱ्याने शिवलेले व्हाउचरांचे गठ्ठे, असा कारभार. एका संध्याकाळी रोकड पाच हजारांनी कमी भरली. रोखपाल नवा होता, पंचविशीतला. त्याला माझ्या केबिनमध्ये बोलावले. त्याला घाम फुटला होता. शब्द अडखळत होते, नजर टेबलावरच्या पेपरवेटवरून हलेना. शेजारी उभे असलेले जुने कारकून मात्र शांतपणे, मुद्देसूद बोलत होते. मी अहवाल लिहिला. त्यात एक ओळ अशी होती: 'उत्तरे देताना संबंधित कर्मचारी अस्वस्थ दिसला व त्याचे वर्तन संशयास्पद वाटले.'

नियमाप्रमाणे त्याने पैसे भरून दिले. बायकोच्या बांगड्या गहाण ठेवून दिले, हे मला नंतर कळले. महिनाअखेरीस लेजर जुळवताना बचत खात्यांत बरोबर पाच हजारांचा फरक निघाला. शोधता शोधता एक पैसे काढण्याची स्लिप सापडली. पैसे रीतसर दिले गेले होते, खातेदाराच्या खात्यावरही चढले होते. फक्त गर्दीच्या घाईत रोखपालाने आपल्या रजिस्टरात नोंद केली नव्हती आणि ती स्लिप भलत्याच गठ्ठ्यात शिवली गेली होती. चूक होती, चोरी नव्हती. पैसे त्याला परत मिळाले. आणि तो अडखळत का बोलत होता? लहानपणापासून तोतरा होता म्हणून. वरिष्ठांसमोर ते वाढायचे. शाखेत हे सगळ्यांना ठाऊक होते. मी नुकताच बदलून आलो होतो.

माणूस इतरांचा चेहरा वाचतो तेव्हा पुष्कळदा आपल्याच मनातला मजकूर वाचत असतो. माझे थोरले काका १९४६ साली ब्रह्मदेशच्या आघाडीवरून घरी परतले. बोलत नसत, हसत नसत, लग्नकार्यात मागच्या ओळीत बसत. भावकीने ठरवून टाकले, पलटणीत जाऊन आला म्हणून आखडू झाला आहे. मीही मोठा होईपर्यंत तेच मानत होतो. त्यांचे पदक तांदळाच्या डब्यात तळाशी सापडले, ते गेल्यानंतर. खेळातला तो कोल फेल्प्सही आपल्या पदकाविषयी बोलायचे टाळतो, तेव्हा मला काकांची आठवण झाली. लॉस एंजेलिस असो की कोकण, लढाईवरून परतलेल्या माणसाचे तोंड पाहून त्याच्या पोटातले कळत नाही.

हे केवळ माझे रडगाणे नाही. चार्ल्स बाँड आणि बेला डीपाउलो या अमेरिकन संशोधकांनी २००६ साली या विषयावरचे शेकडो प्रयोग एकत्र करून तपासले. समोरचा खरे बोलतो की खोटे, हे माणसे सरासरी शंभरात ५४ वेळा बरोबर ओळखतात. नाणे उडवले तरी पन्नास वेळा बरोबर येईल! आपल्याकडच्या कायद्याला हे शहाणपण जुनेच आहे. पोलिसापुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही, हा नियम १८७२ च्या कायद्यात होता आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही तो कायम आहे. माणसाच्या संमतीवाचून त्याची नार्को किंवा लाय डिटेक्टर चाचणी करता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली बजावले. लॉस एंजेलिसचाच दाखला द्यायचा तर जानेवारी १९४७ मध्ये तिथे एलिझाबेथ शॉर्ट या तरुणीचा खून झाला. या खेळातही त्याची छाया आहे. अनेकांनी पुढे होऊन त्या खुनाची खोटी कबुली दिली. खरा खुनी आजवर सिद्ध झालेला नाही. जिथे कबुलीचा भरवसा नाही, तिथे आवंढ्याचा काय धरायचा?

तरीही मी या खेळाला नावे ठेवणार नाही. नातवाने तो पूर्वीच संपवला आहे. खुनांच्या प्रकरणांत आपण एकेकाला पकडून तुरुंगात धाडतो आणि पुढे कळते की ती माणसे निरपराध होती, एवढे गुपित त्याने फोडले. ज्यांना खेळायचे असेल त्यांची क्षमा मागून मीही ते इथे फोडतो. कारण या खेळाचा सर्वांत प्रामाणिक भाग मला तोच वाटला. चेहरे वाचायला शिकवता शिकवता तो स्वतःच सांगतो, की तुम्ही चुकलात.

आई-वडिलांसाठी एक सूचना. हा खेळ लहान मुलांसाठी नाही. त्यात प्रेते आहेत, उघडावाघडा हिंसाचार आहे. पण कॉलेजातली मुले अशा गोष्टी खेळणारच असतील, तर दार लावून त्यांना एकटे खेळू देण्यापेक्षा एखादी संध्याकाळ शेजारी बसावे, असे माझे मत झाले आहे. त्यांना थोडे प्रश्न विचारावेत. हा माणूस खोटे बोलतो हे तुला कशावरून वाटले? हातात काय आहे? कारण हीच मुले रोज मोबाइलवर कुणा ना कुणाची अर्ध्या मिनिटाची चित्रफीत पाहतात आणि खाली निकाल देऊन मोकळी होतात. मुलेच कशाला, आपणही देतो. बातम्यांत कुणाला तोंडावर रुमाल बांधून नेताना दिसले, की जेवता जेवता आपण म्हणतो, "बघ, डोळ्यांतच दिसतंय!" खेळात निदान पुरावा मागतात. आपल्या दिवाणखान्यात कोणी मागत नाही.

शेवटच्या रात्री वीज गेली. लॅपटॉपची बॅटरीही संपली होती. आम्ही पडवीत बसलो होतो आणि मी नातवाला त्या रोखपालाची हकिगत सांगितली. त्याने सगळे ऐकून घेतले. मग म्हणाला, "पैसे परत दिलेत. पण ती ओळ? तुम्ही आरोप मागे घेतलात का?"

मी घेतला नव्हता. हेड ऑफिसला एक पत्र लिहायचे होते, एवढेच. चूक सापडल्याचे कळवले, पण 'संशयास्पद' हा शब्द माझा होता आणि तो मागे घेतो, असे लिहायला मन धजेना. आपल्याच अहवालात आपणच चूक काढायची म्हणजे नामुष्की, असे तेव्हा वाटले. पुढे त्याची बदली झाली, माझीही झाली. ती ओळ त्याच्या फायलीत राहिली असणार.

नातू काही बोलला नाही. आतून हिने मेणबत्ती आणून ठेवली. सकाळच्या गाडीने तो पुण्याला गेला. आमचा खेळ अजून अर्धाही झालेला नाही. दिवाळीला आला की पुढचा तपास करायचा, असे ठरले आहे.