टाळ्या वाजल्या, पुढं काय?

मी मॅट्रिक झालो तेव्हा नाक्यावर माझा सत्कार झाला. शाल, नारळ, भाषण. नारळाची चटणी एक दिवस पुरली. त्यानंतर गोदीत माल उचलतोय. म्हणून 'पहिला', 'पहिली' हे शब्द ऐकले की माझं डोकं फिरतं.

परवा रात्रपाळी करून आलो आणि मोबाईलवर 'द क्वीन ऑफ बास्केटबॉल' हा माहितीपट बघितला. झोप उडाली साली.

बाईचं नाव लुशा हॅरिस. काळी. जन्म १९५५, अमेरिकेत मिसिसिपीतल्या मिंटर सिटीत. बाप दुसऱ्याच्या रानात वाट्यानं राबणारा, पोरं कापूस वेचणारी. त्याच साली, त्याच परगण्यातून एमेट टिल हे चौदा वर्षांचं काळं पोर उचललं, मारलं, नदीत फेकलं. गोऱ्या ज्युरीनं मारेकरी सोडून दिले. मला २००६ च्या खैरलांजीचा कालवा आठवला.

त्या मातीत ही पोरगी सहा फूट तीन इंच वाढली. आई झोपायला सांगायची, तर ही टीव्हीसकट गोधडीत शिरून चोरून मॅच बघायची. डेल्टा स्टेटच्या संघात एकटी काळी. त्या संघानं १९७५, ७६, ७७ अशी तीन वर्षं राष्ट्रीय विजेतेपद मारलं. १९७६ ला माँट्रियल ऑलिम्पिकमध्ये बायकांचं बास्केटबॉल पहिल्यांदा आलं. त्यातली पहिली बास्केट हिची. अमेरिकेला रौप्यपदक.

आणि मग? मग कायसुद्धा नाही. पुरुषांना लीग, करार, पैसा. बायकांना लीगच नव्हती. १९७७ ला न्यू ऑर्लिन्स जॅझ या पुरुषांच्या संघानं सातव्या फेरीत, १३७ व्या नंबरावर तिचं नाव घेतलं. ती गेली नाही. पोटात पोर होतं. लोक अजून हळहळतात. ती मात्र म्हणाली, मला पस्तावा नाही. बरोबर बोलली! पुरुषांच्या मैदानात पाव्हणी म्हणून बोलावणं सोपं असतं. बायकांचं मैदान बांधायला पैसा लागतो.

१९७९-८० ला एक हंगाम ती ह्यूस्टन एंजल्सकडून खेळली. ती लीगही १९८१ ला बुडाली. १९९७ ला डब्ल्यूएनबीए सुरू झाली तेव्हा हिची चाळिशी उलटलेली. मनाच्या आजाराशी झगडत ती आपल्याच जुन्या शाळेत पोरांना शिकवत राहिली. जानेवारी २०२२ ला गेली. मार्चमध्ये माहितीपटाला ऑस्कर. टाळ्या!

तिचं कसब कमी पडलं नाही. कमी पडलं ते मैदान, आणि मैदान कुणाला द्यायचं हे ठरवणारे हात दुसऱ्यांचे होते.

तेव्हा उद्या वस्तीतल्या एखाद्या पोरीनं पदक आणलं आणि पुढारी शाल घेऊन आला, तर शाल घ्या खुशाल. पण माईक सोडू नका. सगळ्यांसमोर विचारा, साहेब, हिला खेळायला जागा कुठंय? हिचा पगार कुठंय?