केळ्याची साल, उल्हासचे हाल!

प्रदूषणाला रंग असतो, हे डोंबिवलीकरांना वेगळं शिकवावं लागत नाही. जानेवारी २०१४ मध्ये इथे हिरवा पाऊस पडला. फेब्रुवारी २०२० मध्ये एमआयडीसीतला एक रस्ता चक्क गुलाबी झाला आणि तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे तो बघायला आले. फोटोग्राफर मंडळींची चंगळ! पण रंगाचं एक बरं असतं, तो दिसतो तरी. पाण्यात विरघळलेल्या शिशाला ना रंग, ना वास. पाणी कितीही उकळा, ते जात नाही. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ०.०१ मिलिग्रॅमपेक्षा जास्त शिसं नको, असं भारतीय मानक सांगतं. आता एवढंसं शिसं पकडणार कसं?

इथे एन्ट्री घेते केळ्याची साल. येस, तीच! २०११ मध्ये ब्राझीलच्या गुस्ताव्हो कास्त्रो आणि त्यांच्या टीमने सालीचा चुरा वापरून नदीच्या पाण्यातलं शिसं आणि तांबं ओढून घेतलं. तीच साल त्यांनी ११ वेळा वापरली. फंडा सोपा आहे. सालीत सेल्युलोज, पेक्टिन वगैरे मंडळी असतात, त्यांच्यावर ऋण भाराच्या जागा असतात. पाण्यातल्या धातूंचा भार धन. पुढचं कळलंच असेल, दोघांचं जमतं! संत्र्याची साल, शेंगदाण्याची टरफलं, लाकडाचा भुसा... सगळ्यांवर असे प्रयोग झालेत.

मला अर्थातच राहवेना. फिश टँकवाल्याकडे मिथिलिन ब्लू नावाचं निळं औषध मिळतं. असे प्रयोग करणारे लॅबवालेही रंग म्हणून तेच वापरतात. बाटलीभर पाण्यात त्याचे दोन थेंब टाकले, वर वाळवलेल्या सालीची मिक्सरमधून काढलेली पूड. तासाभराने गाळलं, तर निळा रंग बराचसा गायब! पण पाणी कोऱ्या चहासारखं पिवळट. सालीतलंही बरंच काही पाण्यात उतरतं ना. आईने ग्लासकडे एकदा बघितलं आणि विचारलं, "तू पिशील हे?" विषय संपला.

खरी गोची मात्र वेगळीच आहे. शिसं नाहीसं होत नाही, ते फक्त पाण्यातून सालीत जातं. मग ती साल टाकायची कुठे? ओल्या कचऱ्यात? त्याचं होणार खत, खत जाणार कुंडीत, कुंडीत लावणार मेथी... की आलं परत ताटात! साल अॅसिडने धुतली की धातू सुटतो, म्हणून तर ती पुन्हा वापरता येते. पण मग ते अॅसिड सांभाळा. आणि त्याच कारणाने, सांडपाणीच अॅसिडवालं असेल तर साल धातूला धड धरत नाही. म्हणजे ही आयडिया आपल्या माठासाठी नाहीच. ती शोभते कारखान्याच्या गेटच्या आत. तिथे पाण्यात नेमकं काय आहे ते माहीत असतं आणि वापरलेली साल घातक कचरा म्हणून मोजून वेगळी ठेवता येते. एकदा दहा कारखान्यांचं पाणी एका नाल्यात मिसळलं, की सालीची पोतीच्या पोती ओतून काय उपयोग? टू बी फ्रँक, हल्ली 'इको-फ्रेंडली' ऐकलं की मी आधी विचारते, वापरून झाल्यावर हे जातं कुठे?

शेतातल्या कचऱ्याला कमी लेखायचं नाहीये हं. भाताच्या तुसाची राख वापरून पुण्यातल्या टीआरडीडीसी या टाटांच्या संशोधन केंद्राने 'सुजल' फिल्टर केला आणि त्यातूनच डिसेंबर २००९ मध्ये 'टाटा स्वच्छ' आला. विजेशिवाय चालणारा, किंमत हजाराच्या आत. पण त्यासाठी तूस नुसतं टाकून भागलं नाही. त्याची राख केली, जंतू मारायला त्यात चांदीचे नॅनोकण घातले आणि ठरावीक लिटरनंतर कार्ट्रिज बदलायची सोय केली. (आजीच्या पिढीची निवळीची बी आठवतेय? माठाच्या आतून उगाळली की गाळ खाली बसायचा. तिचं काम तेवढंच.)

आणि आपल्याकडे तर एक फुकटचा फिल्टर नदीतच उगवतो. कल्याण-डोंबिवलीचं पिण्याचं पाणी उल्हास नदीवर मोहिलीला उचललं जातं. याच नदीवर उन्हाळ्यात जलपर्णीचा हिरवागार गालिचा पसरतो. सांडपाण्यातल्या नायट्रोजन-फॉस्फरसवर ती पोसते आणि मुळांत धातूही साठवते. मस्त ना? फक्त ती वेळेवर काढून लांब न्यावी लागते. काठावरच ढीग लावला तर ती तिथेच कुजते आणि पावसाबरोबर सगळा माल परत नदीत. यंदा जलपर्णी काढतानाचा फोटो पेपरात दिसला, तर त्यात ट्रक कुठे आहे तेवढं शोधा.