कपाटाची किल्ली कोणाकडे?

शाळा उघडल्या की पालकांच्या हाती फीची पावती पडते, आणि कित्येक पावत्यांवर ‘ग्रंथालय’ या नावाने एक लहानशी रक्कम मांडलेली असते. ती देताना सहसा कोणी कुरकुर करीत नाही. कारण आपण शिकलो नाही तरी मुलाने चार पुस्तके वाचावीत, ही आकांक्षा सीमाभागातील हातावर पोट असलेल्या बापालाही आहे. पण वर्ष सरता सरता शाळेच्या ग्रंथालयातील किती पुस्तके आपल्या मुलाबरोबर घरी आली, हा प्रश्न आपल्यापैकी किती जणांनी शाळेत जाऊन विचारला? तो आम्ही आज विचारीत आहोत, आणि शाळांच्या चालकांना तो झोंबला तरी आमचा नाइलाज आहे.

बेळगाव, खानापूर, निपाणी या बाजूच्या माध्यमिक शाळांतून हिंडणाऱ्यास एक देखावा परिचयाचा आहे. मुख्याध्यापकांच्या खोलीत भिंतीला टेकून दोन-तीन काचेची कपाटे उभी असतात. काचेआड पुस्तके दिसतात आणि कडीला कुलूप दिसते. त्या खोलीत मुलाला बोलावणे येते ते बहुधा कानउघाडणीसाठी! ज्ञानभांडार आणि छडी एकाच खोलीत ठेवण्याची ही योजना ज्या कोणी आखली असेल, त्याला बालमनाची चांगलीच पारख असली पाहिजे. मधल्या सुटीत मुलांना कपाटे मोकळी करून देणारे शिक्षकही आहेत आणि त्यांच्याविषयी आम्हांस नितांत आदर वाटतो. पण ते आपल्या हौसेने करतात. संस्थेच्या नियमाने नव्हे. त्यांची बदली झाली किंवा ते निवृत्त झाले, की कुलूप पुन्हा पडते.

हे कुलूप का पडते? केवळ आळसाने पडते, असे आम्ही म्हणणार नाही. त्याच्या मुळाशी भीती आहे. बहुतेक शाळांत स्वतंत्र ग्रंथपाल नसतो. मराठीच्या अगर चित्रकलेच्या शिक्षकाच्या गळ्यात हे काम जादा म्हणून अडकविले जाते. दाखल नोंदवहीवर सही त्याची. उद्या तपासणीत सात पुस्तके कमी भरली, तर जाब त्यालाच. पुस्तके देण्याबद्दल त्याला शाबासकी नाही, हरवल्याबद्दल मात्र ठपका आहे. अशा स्थितीत कोणता शहाणा मनुष्य किल्ली बाहेर काढील? वाळवी लागून पुस्तकाचा भुगा झाला तर कोणी विचारीत नाही. मुलाच्या दप्तरात ते हरवले तर चौकशी होते. ही हिशेबाची रीत नव्हे, हिशेबाची विटंबना आहे.

आणि गंमत अशी की, खुद्द सरकारी हिशेबाचे नियमही याहून उदार आहेत. केंद्र सरकारच्या सामान्य वित्तीय नियमांत (२०१७) स्पष्ट नमूद आहे की, वर्षभरात वाचकांना दिलेल्या वा त्यांनी चाळलेल्या दर हजार पुस्तकांमागे पाच पुस्तके गहाळ होणे वाजवी मानावे. मात्र त्यामागे अप्रामाणिकपणा अथवा हलगर्जी नसावी, आणि दुर्मिळ व हजार रुपयांहून अधिक किमतीच्या ग्रंथांची चौकशी अवश्य व्हावी. आमच्या खासगी संस्थांवर हा नियम बंधनकारक नसेल. पण तसाच ठराव आपल्या बैठकीत मंजूर करून घेण्यास चालकांना कोणी मनाई केली आहे? एका कागदावरचा हा ठराव त्या बिचाऱ्या शिक्षकाच्या छातीवरचे ओझे उतरवील.

ग्रंथ हे उपयोगासाठी आहेत, हा डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पंचसूत्रीतील पहिलाच सिद्धान्त. त्याच्याही आधी, १९१० साली, सयाजीराव गायकवाडांनी बोर्डेन नावाचा अमेरिकन ग्रंथालयतज्ज्ञ बडोद्यास आणून संस्थानभर ग्रंथालयांचे जाळे विणावयास घेतले आणि फिरत्या ग्रंथालयांच्या द्वारा पुस्तके खेड्यांपर्यंत पोहोचविली. शंभर वर्षांपूर्वी पुस्तक वाचकाच्या दारी जात होते. आज ते मुख्याध्यापकांच्या खोलीतून शेजारच्या वर्गापर्यंत जाऊ शकत नाही! आणि हे कोठे, तर ज्या बेळगावात १८४८ साली सार्वजनिक वाचनालय निघाले त्या बेळगावच्या परिसरात.

‘अहो, मुलेच वाचत नाहीत, सारा वेळ मोबाईलमध्ये!’ हा युक्तिवाद आम्ही पुष्कळ ऐकला. ज्याला विहिरीपर्यंत जाऊच दिले नाही, त्याला तहान नाही असा निवाडा देणारे हे न्यायाधीश कोण? मोबाईलवर आमचा राग नाही. मराठी विश्वकोश आज संकेतस्थळावर विनामूल्य वाचावयास मिळतो. पण तो उघडावा कसा, हे मुलाला कोणी दाखविले आहे काय? खानापूरच्या एखाद्या नववीतील मुलीला मलप्रभेवर निबंध लिहावयास सांगा. नदी तिच्याच तालुक्यात, कणकुंबीला उगम पावते. तरीही ती मोबाईलवर जे पहिले सापडेल ते उतरवून काढील. विश्वकोशात नोंद अकारविल्हे कशी शोधावी, नकाशासंग्रहाची सूची कशी पाहावी, दोन ठिकाणी दोन आकडे दिसले तर कोणता ग्राह्य धरावा, महादेवशास्त्री जोशी यांचा भारतीय संस्कृतिकोश कोणत्या कामाचा, हे सांगणारा मनुष्य म्हणजेच ग्रंथालयाची खरी सेवा. कपाट हे त्याचे केवळ साहित्य.

कायद्याचेही थोडे बोलू. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेला वर्तमानपत्रे, मासिके आणि गोष्टींच्या पुस्तकांसह सर्व विषयांचे ग्रंथ पुरविणारे ग्रंथालय असावे, असे म्हटले आहे. तो कायदा आठवीपर्यंत लागू आहे, आणि कर्नाटकातील माध्यमिक शाळेची सुरुवातच आठवीपासून होते. तेव्हा ‘आमचा त्याच्याशी संबंध नाही’ ही सबब चालणार नाही.

पैशाची अडचण पुढे केली जाईल. परंतु किल्ली फिरविण्यास पैसा लागत नाही. प्रत्येक तुकडीला चाळीस-पन्नास पुस्तकांची एक पेटी द्यावी, दर महिन्याला पेट्यांची अदलाबदल करावी, देण्याघेण्याची वही वर्गातील दोन मुलांनी लिहावी. आठवड्याचा ग्रंथालयाचा तास गणिताच्या शिक्षकांनी ‘पोर्शन राहिला’ म्हणून गिळंकृत करू नये. दिवाळीच्या व उन्हाळ्याच्या सुटीत पुस्तके घरी जाऊ द्यावीत. देणगीच्या नावाखाली आलेली जुनी गाईडे आणि अहवाल कपाटाबाहेर काढून तेथे मुलांनी मागितलेली पुस्तके ठेवावीत. बालभारतीचे ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघत आहे. त्याची वर्गणी भरणे कोणत्या मराठी शाळेला अशक्य आहे?

पालकांनाही आमचे सांगणे आहे. पुढच्या पालकसभेत गुणपत्रिकेबरोबर पुस्तक देवघेवीची वही पाहावयास मागा. मागील वर्षी नववीच्या मुलांनी किती पुस्तके घरी नेली, एवढा एकच आकडा विचारा, आणि तो दर महिन्यास शाळेच्या फलकावर लिहिला जाईल अशी लेखी मागणी मुख्याध्यापकांच्या हाती देऊनच सभेतून उठा.