नदीचे मूळ पाहावेच लागेल

ऋषीचे कूळ आणि नदीचे मूळ विचारू नये, असे आपले पूर्वज सांगून गेले. पहिल्या सांगण्यामागे सौजन्य होते आणि दुसऱ्यामागे अनुभव. गोमंतकास मात्र या उपदेशाचा उत्तरार्ध पाळणे यापुढे परवडणारे नाही. पणजीच्या धक्क्यावर उभे राहून मांडवीकडे पाहणाऱ्यास ती अक्षय वाटते. एवढ्या विस्तीर्ण पाण्याला कधी ओहोटी लागेल, हे त्याच्या मनातही येत नाही. परंतु मांडवी पणजीत जन्मलेली नाही. खानापूर तालुक्यातील देगावच्या रानात म्हादई म्हणून ती उगम पावते, सत्तरीच्या डोंगरांतून दहा ठिकाणचे ओहोळ पोटात घेते आणि मगच मांडवी या नावास पात्र होते. तिचे भवितव्य मुखाशी ठरत नाही, ते मुळाशी आणि तिच्या उपनद्यांच्या काठी ठरते. म्हादईच्या वादाला इतकी वर्षे होऊनही ही साधी गोष्ट आमच्या सार्वजनिक चर्चेत पुरेशी उतरलेली नाही, म्हणून ती पुन्हा मांडणे आम्हांस अगत्याचे वाटते.

गोव्याचे क्षेत्रफळ अवघे ३,७०२ चौरस किलोमीटर. एवढ्याशा भूमीत तेरेखोल, शापोरा, बागा, मांडवी, जुवारी, साळ, साळेरी, तळपण आणि गालजीबाग अशी नऊ खोरी आहेत. त्यांतील मांडवी आणि जुवारी या दोन खोऱ्यांनी मिळून राज्याचा दोन-तृतीयांशाहून अधिक भाग व्यापला आहे. मांडवीला रगाडा, खांडेपार, वाळवंटी, डिचोली, अस्नोडा, म्हापसा, सिकेरी या नद्या प्रत्यक्ष वा एकमेकींच्या द्वारे येऊन मिळतात. जुवारीला सांगे, उगे, साळावली आणि कुशावतीचे पाणी मिळते. कुंभारजुव्याचा कालवा या दोन्ही नद्यांना जोडतो. मांडवीच्या मुखाशी आग्वादचा वाळूचा दांडा पावसाळ्यात वाहतूक अडवू लागला की खनिजाच्या बार्जी याच कालव्यातून मुरगावकडे वळत असत. म्हणजे आमच्या नद्या नकाशावर निरनिराळ्या दिसल्या, तरी त्यांचा देह एक आहे. एका अंगाला जखम झाली तर दुसऱ्यास ठणका लागल्यावाचून राहत नाही.

या नद्यांच्या काठी आमचा इतिहासही घडला आहे. कुशावतीच्या काठी उसगाळीमळ येथे प्रागैतिहासिक मानवाने जांभ्या दगडावर चित्रे कोरली. त्याच नदीकाठचे चंद्रपूर, म्हणजे आजचे चांदर, भोजांची राजधानी होते. कदंबांचे गोपकपट्टण जुवारीच्या काठी भरभराटले. सोळाव्या शतकात धर्मच्छळाचा वणवा पेटला, तेव्हा कुठ्ठाळीचा मंगेश आणि केळशीची शांतादुर्गा जुवारी ओलांडून अंत्रुज महालात आली. दिवाडीचा सप्तकोटेश्वर मांडवी ओलांडून नार्व्यास आला आणि १६६८ मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांनी त्याच्या देवालयाचा जीर्णोद्धार केला. ज्या नद्यांनी आमची दैवते पैलतीरी पोहोचवली, त्यांच्याविषयी कृतज्ञता हा केवळ भावनेचा विषय नव्हे. तथापि भावनेवर न्यायालयात दावा चालत नाही. तेथे पाण्याचे गणित मांडावे लागते.

या गणितातील पहिली गोष्ट म्हणजे आमच्या नद्यांचे दुहेरी स्वरूप. येथे वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक सारा चार महिन्यांत. त्या काळात नद्या दुथडी भरून समुद्राला रेटतात. पाऊस ओसरला की समुद्र नदीला रेटू लागतो. मांडवीत भरतीचे पाणी मुखापासून सुमारे ५० किलोमीटर आत, गांजेपर्यंत जाणवते. जुवारीत ते सांग्यापर्यंत पोहोचते. या भरतीबरोबर खारेपण कुठवर चढायचे, हे डोंगरातून येणारा गोड्या पाण्याचा प्रवाह ठरवतो. तो जोरदार असेल तर खारे पाणी खाली राहते, क्षीण झाला तर ते वर सरकते. मग नदीकाठच्या विहिरी मचूळ होतात, वायंगणाची शेती करपते, गोड्या-खाऱ्या पाण्याच्या संगमावर वाढणारी मासळी आणि तिसऱ्या यांचा मेळ बिघडतो. घाटातून वाहून आलेले पाणी समुद्रास मिळते म्हणजे ते वाया जाते, असे म्हणणाऱ्यांनी ही व्यवस्था एकदा समजून घ्यावी. ते पाणी पहाऱ्यावरच्या शिपायासारखे आहे. तो कोठे जात नाही, काही उचलत नाही, म्हणून निरुपयोगी ठरत नाही.

आता वादाकडे वळू. कळसा-भांडुरा प्रकल्पाविरुद्ध गोव्याने २००२ मध्ये केंद्राकडे आंतरराज्य जलविवाद कायद्याखाली दाद मागितली. लवाद नेमला गेला तो २०१० मध्ये आणि त्याचा निवाडा आला १४ ऑगस्ट २०१८ रोजी. ७५ टक्के भरवशाने म्हादईच्या खोऱ्यात १८८.०६ अब्ज घनफूट, म्हणजे तितके टीएमसी, पाणी असते, असे लवादाने धरले. त्यातील १३.४२ कर्नाटकास, १.३३ महाराष्ट्रास आणि २४ गोव्यास मिळाले. कर्नाटकाच्या वाट्यातील ८.०२ वीजनिर्मितीसाठी, १.५० खोऱ्यातील गरजांसाठी, आणि खरे कळीचे ते ३.९० टीएमसी खोऱ्याबाहेर, मलप्रभेत वळवण्यासाठी आहेत. कळशाचे १.७२ आणि भांडुऱ्याचे २.१८ मिळून हा आकडा होतो. २०२० मध्ये निवाडा अधिसूचित झाला, २०२२ च्या डिसेंबरात केंद्रीय जल आयोगाने कर्नाटकाच्या सुधारित प्रकल्प अहवालाला मान्यता दिली आणि २०२३ मध्ये ‘प्रवाह’ नावाचे प्राधिकरण स्थापन झाले. गोव्याने निवाड्याला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले आहे.

येथे एक प्रश्न विचारला जातो आणि त्याला बगल देणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. १८८ पैकी ३.९० म्हणजे शंभरात जेमतेम दोन. एवढ्याने मांडवी आटते काय? उत्तर असे की, १८८ हा संपूर्ण खोऱ्याचा हिशेब आहे, वळवणूक मात्र दोन ओहोळांच्या उगमाशी व्हायची आहे. पणजीला दोन टक्के वाटणारे पाणी कणकुंबीच्या किंवा नेरशाच्या ओहोळाला फार मोठे असते. त्याच्या लगतच्या रानाला, श्वापदांना आणि खालच्या पहिल्या काही गावांना ते सर्वस्व असू शकते. पावसाळ्यातले जादा पाणीच उचलायचे आहे, असाही युक्तिवाद होतो. परंतु पावसाळ्यातला पूर खाडीतील खार आणि गाळ धुऊन नेतो आणि पावसाळ्यात रानात मुरलेले पाणीच मार्च-एप्रिलात झऱ्यावाटे नदीला जिवंत ठेवते. शिवाय एका खोऱ्याचे पाणी दुसऱ्यात नेण्याचा पायंडा एकदा पडला की पुढील मागणी ३.९० वरच थांबेल, याची हमी कोण देणार?

हे सांगताना कर्नाटकातील जनतेशी आमचे वैर नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजे. हुबळी-धारवाडची तहान खरी आहे. ज्या खानापूर तालुक्यात म्हादई उगम पावते, तेथे आमचेच भाषाबंधू पिढ्यान्‌पिढ्या नांदत आहेत आणि त्या रानांचा ऱ्हास झाला तर पहिला फटका त्यांनाच बसेल. पण मलप्रभा का आटली, हा प्रश्न कर्नाटकाने स्वतःस विचारावयास हवा. तिच्या वरच्या अंगाची झाडी विरळ होऊ द्यावी, खालच्या अंगाला तहानलेला ऊस लावावा आणि तूट भरण्यासाठी शेजारच्या नदीला हात घालावा, हा न्याय नव्हे. शेजाऱ्यांत पाणी सामोपचाराने वाटता येते, हे तिळारीने दाखवले आहे. गोवा आणि महाराष्ट्र यांच्या त्या संयुक्त प्रकल्पात ७३.३० टक्के पाणी गोव्याचे आणि २६.७० टक्के महाराष्ट्राचे, असा करार १९९० मध्ये झाला. तेथेही कुरबुरी होतात, कालवा फुटला की बार्देशचे नळ कोरडे पडतात. पण वाद तांत्रिक दुरुस्तीचा राहतो, अस्तित्वाचा होत नाही.

इथवर शेजाऱ्यांविषयी झाले. आता आपल्या घरात डोकावू. दुसऱ्यास म्हादई आमची माता आहे असे बजावणाऱ्या आम्ही गोमंतकीयांनी मातेच्या लेकींचे, म्हणजे उपनद्यांचे, काय केले? एक टन खनिज काढावयास दोन-तीन टन माती उपसावी लागते. ती डोंगरमाथ्यावर रचली गेली आणि पावसाबरोबर डिचोली, खांडेपारच्या पात्रांत व काठच्या शेतांत उतरली. २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये खाणी थांबल्या, त्या न्यायालयाच्या दंडुक्यामुळे. आमच्या विवेकामुळे नव्हे. आता लिलावाने दिलेल्या पट्ट्यांवर खाणकामाची दुसरी फेरी सुरू झाली आहे, पण पहिल्या फेरीचा गाळ अजून पात्रांतच आहे. खांडेपार नदीवरील ओपा येथून फोंडा आणि तिसवाडीचे नळ भरतात. राजधानीत बसून त्या पाण्याचा पेला ओठांस लावणाऱ्याने या नदीच्या वरच्या अंगाला काय चालले आहे, याची चौकशी करू नये?

साळ नदीची कथा याहून करुण आहे. वेर्ण्याच्या परिसरात उगम पावून ती मडगावच्या कडेने नावेली, असोळणे करीत बेतुलला समुद्रास मिळते. तिला ना घाट आहे ना परराज्य. तिचा सारा प्रवास सासष्टीच्या भूमीतला. तिच्यातील घाणीचा दोष कोणत्याही लवादापुढे कोणा शेजाऱ्यावर ढकलता येणार नाही. २०१८ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने गोव्यातील ११ नदीपट्टे दूषित ठरवले, त्यात साळही होती. मांडवीच्या मुखाशी तरंगत्या जुगारघरांची रोषणाई दिपवते खरी, पण त्या झगमगाटात पाण्याचा रंग दिसत नाही.

खाजनांची हेळसांडही याच सदरात मोडते. खाऱ्या खाडीच्या काठी बांध घालून, मानशीच्या दारांनी भरती-ओहोटीस शिस्त लावून, भात आणि मासळी दोन्ही पिकवण्याची ही विद्या गावकऱ्यांनी शतकानुशतके जोपासली. तिचा गाभा सामुदायिक जबाबदारीत होता. बांधाला भोक पडले की घरटी माणूस फावडे घेऊन बाहेर पडे. १९६४ च्या कूळकायद्याने कसणाऱ्यास हक्क मिळाला, हे न्याय्यच झाले. परंतु कोमुनिदादी मागे सरल्या, कूळ-संघटना पुरेशा पुढे आल्या नाहीत आणि दोहोंच्या मधल्या फटीतून खारे पाणी शेतात शिरले. कोठे कोठे तर मासळीच्या लिलावाच्या मोहाने मानशी मुद्दाम उघड्या ठेवल्या जातात. उगमाशी ३.९० टीएमसीसाठी लढायचे आणि मुखाशी मोडक्या फळीतून खार आत येऊ द्यायचा, ही विसंगती आमच्या दाव्याची धार बोथट करते.

सरकारची विसंगती तर त्याहून मोठी आहे. म्हादई अभयारण्य १९९९ मध्ये घोषित झाले. अभयारण्यात येणारा वा बाहेर जाणारा जलप्रवाह मुख्य वन्यजीव रक्षकाच्या परवानगीवाचून वळवता येत नाही, असे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे २९ वे कलम सांगते. हे गोव्याच्या भात्यातील उत्तम शस्त्र आहे. त्याला अधिक धार येण्याची संधी २०२३ च्या जुलैत आली. उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने या क्षेत्रात व्याघ्र प्रकल्प अधिसूचित करण्याचा आदेश दिला. राज्य सरकार त्या आदेशाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. एका खटल्यात रान आणि नदी वाचवा म्हणावयाचे, दुसऱ्यात त्याच रानाला अधिक संरक्षण नको म्हणावयाचे, हे प्रतिपक्षाच्या वकिलांच्या नजरेतून सुटेल काय? सत्तरीतील कष्टकऱ्यांची भीती आम्ही जाणतो. पिढ्यान्‌पिढ्या कसलेल्या जमिनींचे त्यांचे हक्क अजून कागदावर आलेले नाहीत. ते हक्क सरकारने तातडीने निकालात काढावेत. पण त्या भीतीची ढाल करून नदीचे मूळ उघडे टाकू नये.

करावयाचे काय, हे सांगणे अवघड नाही. प्रत्येक उपनदीचा प्रवाह बारमाही मोजून ते आकडे जनतेसमोर ठेवावेत. लवादाने दिलेल्या २४ टीएमसीपैकी आपण किती वापरतो आणि उरलेल्याचे नियोजन काय, हा हिशेब विधानसभेत मांडावा. खाणींना परवाने देताना पहिला हक्क नदीचा मानावा. मडगावचे सांडपाणी साळीत जाणे बंद करावे. मानशींची डागडुजी पंचायतींच्या माथी न मारता त्यासाठी स्वतंत्र निधी आणि गावनिहाय जबाबदारी ठरवावी. सर्व पक्षांनी निवडणुकीपुरते म्हादईचे नाव घेणे सोडून एक भूमिका घ्यावी आणि सत्ता बदलली तरी ती बदलू नये.

यासाठी किंमत मोजावी लागेल. पण गोव्याने पाण्याची किंमत याआधीही मोजली आहे. साळावली धरणासाठी सांग्यातील कुर्डी गाव पाण्याखाली गेले. त्या गावच्या नावाने भारतभर कीर्ती पावलेल्या मोगूबाई कुर्डीकर यांचे ते मूळ गाव. तेथले महादेवाचे प्राचीन देवालय दगड दगड करून दुसरीकडे उभारावे लागले. दरवर्षी उन्हाळ्यात जलाशय उतरला की त्या गावची जोती वर येतात आणि विस्थापित झालेली माणसे आपल्या दैवतांना भेटावयास जातात. दक्षिण गोव्यातील नळ त्यांच्या त्यागावर वाहतो. ज्यांनी असा त्याग केला, त्यांच्यापुढे उरलेल्या नद्या गाळाने आणि सांडपाण्याने भरून दाखवणे हा कृतघ्नपणा होईल.

म्हादईची लढाई दिल्लीत न्यायालयापुढे लढली जाईल, ती लढलीच पाहिजे. परंतु तिचा अर्धा निकाल वाळवंटीच्या, कुशावतीच्या, साळीच्या काठी लागावयाचा आहे. तेथे वकील नाही आणि प्रतिपक्षही नाही. तेथे केवळ आपण आहोत.