उरलेल्या फ्रेम

छायाचित्रणाच्या धंद्यात नुकतेच पाऊल टाकलेली, हाती उत्तम कॅमेरा आणि डोक्यावर त्या कॅमेऱ्याचे हप्ते असलेली तरुण मुलेमुली अधूनमधून माझ्याकडे येतात, आणि भिंगे, दिवे, दर यांविषयीची चौकशी आटोपल्यावर, निघता निघता, काहीशा संकोचाने जो प्रश्न विचारतात तो बहुधा एकच असतो : आमची स्वतःची वाट कोणती, हे आम्हांला कळावे कसे? लग्न, बारसे, पासपोर्ट आणि शाळेचा ग्रूप फोटो यांवर ज्याला घर चालवावयाचे आहे, त्याला तर हा प्रश्न रात्री झोपू देत नाही. कारण दिवसभर दुसऱ्याच्या इच्छेबरहुकूम चित्रे काढणाऱ्या माणसाला आपल्या स्वतःच्या इच्छेचे रूप हळूहळू दिसेनासे होते, आणि ते दिसेनासे झाल्याची खंत मात्र मनात तशीच राहते. या मुलांची तळमळ खरी असते. परंतु उत्तराचा शोध ती दुसऱ्यांच्या नावाजलेल्या चित्रांत, फोनच्या पडद्यावरून अहोरात्र सरकत जाणाऱ्या प्रवाहात घेत असतात, आणि तेथे ते सापडण्यासारखे नसते. माझी अशी धारणा आहे, की ते उत्तर त्यांनी स्वतःच काढलेल्या आणि कोणी न मागितलेल्या चित्रांत पडून असते.

ही धारणा मला अनुभवाने मिळाली आहे. सातारा जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी मी 30 वर्षांहून अधिक काळ स्टुडिओ चालवला. त्या दिवसांत 35 मिलिमीटरच्या एका रोलवर 36 फ्रेम असत, आणि रोल महाग असल्यामुळे प्रत्येक फ्रेमचा हिशेब मनातल्या मनात चालू असे : अक्षतांना इतक्या, सप्तपदीला इतक्या, वरमाईच्या मानपानाला इतक्या. पाठवणी झाली की ऑर्डर संपे. पण शेवटच्या रोलमध्ये तीन, चार, कधी सात फ्रेम उरलेल्या असत. रोल संपल्याशिवाय तो धुण्याला लावता येत नसे, आणि गिऱ्हाइकाला तर अल्बमची घाई. त्यामुळे त्या उरलेल्या फ्रेम कशावर तरी खर्च करून टाकाव्या लागत. मंडपात जे दिसेल त्यावर कॅमेरा रोखावा, बटण दाबावे, रोल गुंडाळावा आणि एस.टी. गाठावी, असा परिपाठ होता. त्या फ्रेमच्या प्रती मी कधी काढल्या नाहीत. निगेटिव्हच्या सहा-सहा फ्रेमच्या पट्ट्या कापताना शेवटची पट्टी पाकिटात सर्वांत मागे जाई आणि तेथेच राही.

एका पावसाळ्यात ओल येऊन माझ्या कपाटातील निगेटिव्हना बुरशी धरली, आणि वाचतील तेवढ्या वाचवाव्यात म्हणून सारी पाकिटे जमिनीवर मांडून मी एकेक पट्टी उजेडापुढे धरून पाहू लागलो. मुहूर्ताची चित्रे एका लग्नाची काय आणि दुसऱ्या लग्नाची काय, सारखीच होती. माणसे तेवढी बदलत होती. परंतु पाकिटामागून पाकीट उघडून शेवटची पट्टी पाहता पाहता माझा हात थांबला. थंड झालेल्या चुलाण्याशेजारी भिंतीला टेकून झोपलेला आचाऱ्याचा पोरगा. सर्वांची जेवणे उरकल्यावर, गळ्यातले वाद्य मांडीशी ठेवून, एकट्याच पंगतीला बसलेले वाजंत्रीवाले. अंतरपाटाची घडी घालता घालता मध्येच थबकलेली मुलीची आई. एकावर एक रचलेल्या खुर्च्यांच्या उतरंडीआड विडी शिलगावणारा मंडपवाला. 11 वर्षांच्या पट्ट्यांतून हीच माणसे, हीच वेळ, हाच उतरता प्रकाश पुन्हा पुन्हा आलेला होता. मी कोणाला तसे वचन दिले नव्हते, स्वतःलाही नाही. समारंभ जेथे संपतो तेथे माझी दृष्टी सुरू होते, ही गोष्ट माझ्या बोटांना 11 वर्षे ठाऊक होती, आणि मला त्या दिवशी कळली.

शेजारच्या गावी धंदा करणारे माझे एक स्नेही होते. त्यांना हे सांगितल्यावर त्यांनीही आपली पाकिटे काढली, आणि त्यांच्या शेवटच्या पट्ट्यांत माणूस जवळजवळ नव्हताच : संध्याकाळचा रिकामा रस्ता, फाटा, थांब्यावरचे एकाकी झाड, दूर दिसणारा एस.टी.चा दिवा. दोघांचा धंदा एक, कॅमेरा एकाच जातीचा, लग्नेही एकाच मुलखातली. तरी उरलेल्या फ्रेम इतक्या भिन्न. ज्या दृष्टीला आपण वैयक्तिक म्हणतो ती घडवून आणण्याची वस्तू नाही, मागणीचा दाब उठताच ती आपोआप वर येते, याचा याहून स्वच्छ पुरावा मला पुढे कोठेही मिळाला नाही.

पुढे जगातील थोर छायाचित्रकारांची चरित्रे वाचताना मला या पट्ट्यांची आठवण वारंवार झाली, आणि सर्वांत अधिक झाली ती पॅरिसच्या यूजेन आत्जे या गृहस्थाविषयी वाचताना. 1857 मध्ये जन्मलेला हा मनुष्य आरंभी जहाजावर चाकरीला होता, मग गावोगाव हिंडणाऱ्या नाटकमंडळीत दुय्यम भूमिका करीत होता, आणि ते दोन्ही सुटल्यावर उदरनिर्वाहासाठी त्याने कॅमेरा धरला. त्याच्या दारावरच्या पाटीवर ‘कलावंतांसाठी दस्तऐवज’ एवढाच मजकूर असे. चित्रकारांना नमुन्यासाठी झाडे हवीत, सजावटकारांना जिन्याचे कठडे आणि दारावरच्या कड्या हव्यात, ग्रंथालयांना आणि संग्रहालयांना जुन्या वाड्यांची नोंद हवी. तो पुरवी आणि दाम घेई. शतक पालटण्याच्या सुमारास त्याने जुन्या पॅरिसचे काम पद्धतशीरपणे हाती घेतले, आणि लाकडी स्टँड, भात्याचा जड कॅमेरा व 18 बाय 24 सेंटिमीटरच्या काचा पाठीवर वाहून, बहुधा भल्या पहाटे, तो गल्लीबोळांतून हिंडत राहिला. दस्तऐवज म्हणून काढलेली ती चित्रे आज आपण पाहतो तेव्हा रिकामे चौक, ओले फरसबंद आणि दुकानाच्या काचेत उतरलेले समोरच्या घरांचे प्रतिबिंब यांतून एका माणसाची शांत, हट्टी, मायाळू दृष्टी आपल्याकडे पाहते. आणि कोणत्या चित्रात ऑर्डर संपली व आत्जे सुरू झाला, हे सांगणे अशक्य होते. 1920 मध्ये त्याने सुमारे 2,600 निगेटिव्ह सरकारी खात्याला 10,000 फ्रँकना दिल्या. 1926 मध्ये अतिवास्तववाद्यांच्या नियतकालिकात त्याची चित्रे आली, तेव्हा आपले नाव छापू नये असा त्याने आग्रह धरला. आणि 1927 मध्ये तो वारला. बेरेनिस ॲबट या तरुण अमेरिकन छायाचित्रकर्तीने त्याच्या घरी उरलेला संग्रह मिळवून जतन केला नसता, तर त्याचे नावही आज आपल्यापर्यंत पोचले असते की नाही याची शंकाच आहे.

आत्जेइतकाच मला जवळचा वाटतो तो जर्मनीचा आउगुस्ट झांडर. कारण तो माझ्यासारखाच स्टुडिओवाला होता. कोलोनमध्ये त्याने स्टुडिओ मांडला, परंतु शहरातील गिऱ्हाईक पुरेसे नव्हते म्हणून तो वेस्टरवाल्डच्या खेड्यांत जाऊ लागला, आणि शेतकऱ्यांची, त्यांच्या म्हाताऱ्या आईबापांची, नटूनथटून उभ्या राहिलेल्या कुटुंबांची चित्रे त्यांच्याच अंगणात, मोकळ्या उजेडात काढू लागला. ही शुद्ध पोटाची कामे होती. 1914 मध्ये, काळे सूट घालून, हाती काठ्या घेऊन नाचाच्या कार्यक्रमाला निघालेल्या तीन शेतकरी तरुणांना त्याने रस्त्यावरच उभे केले, ते चित्र आज जगभर प्रसिद्ध आहे. आपल्या काळातील समग्र जर्मन समाजाची चेहऱ्यांच्या द्वारे नोंद करावयाची, असा जो विराट संकल्प त्याने पुढे केला, त्याच्या पायाशी त्याने हेच खेड्यातले गिऱ्हाईक ठेवले. शेतकरी हा त्याच्या त्या रचनेचा पहिला विभाग होय. त्यातील 60 चित्रांचे पुस्तक 1929 मध्ये प्रसिद्ध झाले आणि 1936 मध्ये नाझी राजवटीने त्याच्या छपाईचे ठसे नष्ट केले, कारण त्या पुस्तकातला जर्मन मनुष्य राज्यकर्त्यांना हव्या असलेल्या साच्यात बसत नव्हता. गिऱ्हाइकाकडे इतक्या निष्ठेने पाहणाऱ्याची दृष्टी सत्तेला सहन होत नाही, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

आपल्याकडे राजा दीनदयाळ यांचे उदाहरण काहीसे निराळे, पण त्याच दिशेचे आहे. 1844 मध्ये मेरठजवळच्या सरधना येथे जन्मलेले दीनदयाळ रुडकीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकले आणि इंदुरास बांधकाम खात्यात नोकरीला लागले. छायाचित्रणाकडे ते वळले तिशीच्या सुमारास. पुढे निजामाच्या दरबारी त्यांना ‘मुसव्विर जंग’ हा किताब मिळाला, आणि 1896 मध्ये त्यांनी मुंबईतही स्टुडिओ उघडला. त्यांनी घेतलेली मंदिरांची, महालांची, घाटांची चित्रे पाहताना खांबाची उभी रेघ कशी लंबरूप आहे आणि पायऱ्यांची ओळ कशी मोजून धरली आहे हे ध्यानात येते, तेव्हा मला तरी खात्रीने वाटते, की खात्यातले नकाशे आणि मोजमापे त्या डोळ्यातून कधी गेलीच नाहीत. पूर्वायुष्यातील कारकुनीची लाज न बाळगता तिला कॅमेऱ्यात येऊ द्यावे, हे धैर्यच आहे. रसायनशास्त्र शिकवता शिकवता जाहिरातींच्या क्षेत्रात आणि तेथून छायाचित्रणात आलेले गौतम राजाध्यक्ष यांनी नाना मोह समोर असता मानवी चेहरा हाच आपला विषय धरला, आणि संदेश भंडारे यांनी तमाशाच्या फडाची बोर्डावरची आणि बोर्डामागचीही दुनिया आपली मानली. या दोघांच्या कामावर स्वतंत्रपणेच लिहिले पाहिजे.

‘कला करावयाची असेल तर ऑर्डरी सोडा’ असा उपदेश या मुलांना अनेकजण करतात. मला तो अन्यायाचा वाटतो. घरी खाण्यापिण्याची बेगमी असलेल्यालाच तो पाळता येतो, हे एक; आणि ऑर्डरीच सोडल्या तर उरणार काय, हे दुसरे. उरणे हे कशातून तरी उरणे असते. मात्र ऑर्डरीचे काम दृष्टीला बोथट करते, हेही मी नाकारीत नाही. हात सरावतो, डोळा झोपतो, आणि वर्षांमागून वर्षे तशीच निघून जातात. माझी 11 वर्षे तशी गेली. बुरशी आली नसती तर आणखी किती गेली असती, या विचाराने आजही मन अस्वस्थ होते.

आजच्या मुलांची अडचण याहून बिकट आहे, कारण त्यांच्या कार्डात शेवटची फ्रेमच नाही. एका लग्नात काही हजार चित्रे निघतात, त्यांतून अल्बमची निवड होते, आणि बाकीची जागा मोकळी करण्यासाठी पुसली जातात. म्हणजे जेथे त्यांची दृष्टी असण्याचा संभव, तोच भाग आधी नाहीसा होतो. शिवाय गिऱ्हाईक फोन पुढे करून ‘अगदी असाच पाहिजे’ म्हणून बजावते, आणि मग त्याच किल्ल्याच्या तटावर, त्याच पारदर्शक छत्रीखाली, त्याच धुराच्या रंगात शेकडो जोडपी उभी राहतात. याचा दोष मी त्या मुलांना देत नाही. तो आपणां सर्वांचा, त्यांना कामावर बोलावणाऱ्यांचा आहे. घरच्या कार्याला छायाचित्रकार ठरवताना त्याचे दर घासाघीस करून पाडण्याऐवजी, सगळी चित्रे हातावेगळी झाल्यावर एक तास त्याला त्याच्या मर्जीने हिंडू द्यावे, आणि त्या तासाची चित्रे मागून घ्यावीत, अशी माझी वाचकांना कळकळीची विनंती आहे. 20 वर्षांनी अल्बम उघडाल तेव्हा घरातली जुनी माणसे जशी होती तशी बहुधा त्या तासातच सापडतील.

मुलांना मी एवढेच सांगतो, की अल्बम गिऱ्हाइकाच्या स्वाधीन झाल्यावर उरलेले पुसू नका; वर्षातून एकदा तरी त्याच्या छोट्या प्रती काढून जमिनीवर मांडा आणि दोन दिवस तशाच राहू द्या. जे तीनदा आले असेल ते बाजूला काढा. मग त्याच्याकडे मुद्दाम जा, ऑर्डर नसताना जा, तीच जागा, तीच वेळ, पुन्हा पुन्हा. कारण आत्जेची आणि झांडरची कामे दोन-चार वर्षांची नव्हती, त्यांना अर्धे आयुष्य लागले.

गेल्या महिन्यात फलटणकडची एक मुलगी अशाच सुमारे दोनशे प्रती पिशवीत घालून घेऊन आली. आम्ही त्या ओसरीवर मांडल्या. त्यांत निदान 30 चित्रे वधूच्या खोलीतल्या आरशाची होती, आणि एकाही आरशात वधू नव्हती : पिना तोंडात धरलेली बहीण, दाराशी घुटमळून परत गेलेला भाऊ, कोणीच पाहत नाही असे समजून स्वतःचा चेहरा न्याहाळणारी मावशी. “हे मी सहज काढलेत, काका,” ती म्हणाली, आणि त्या 30 प्रती वेगळ्या करून बराच वेळ त्यांच्याकडे पाहत राहिली. तुळशीचे लग्न झाले की तिच्या ऑर्डरी सुरू होतील. पहिल्या कार्याला ठरल्यापेक्षा एक तास आधी पोचायचे आणि आधी त्या खोलीत जायचे, असे तिने ठरवले आहे.