मठ्ठ कोण?

आपल्या पोरांसाठी शाळेत एक शब्द ठरलेलाच: मठ्ठ. माडियाचं पोरगं मठ्ठ, महाराचं मठ्ठ. जात बघून अक्कल मोजायची ही जुनी खोड.

आता रक्ताकडे बघा. चंद्रपूर-गडचिरोलीत सिकलसेल आदिवासींत अन् बौद्धांत जास्त. हिमोग्लोबिनच्या जनुकात एकच अक्षर बदललेलं. ते आई-बाप दोघांकडून आलं की तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारक्या नसांत अडकतात. सांधे ठणकतात हे वस्तीत सगळ्यांना ठाऊक. पण काही पोरांच्या मेंदूतही त्या अडकतात. ना लकवा, ना झटका. मेंदूचा बारीक तुकडा गुपचूप मरतो. दिसतो तो एमआरआयमध्येच. लक्ष टिकत नाही, गणित सुटत नाही. त्यात अंगात रक्त कमी, शाळा बुडालेली. मास्तर म्हणतो, यांच्या रक्तातच नाही!

रक्तात आजार आहे, गुरुजी, जात नाही. हेच जनुक ग्रीसमध्ये आहे, अरबस्तानात आहे, आफ्रिकेत आहे. एकाच बाजूनं आलं तर ते मलेरियात जीव वाचवतं, म्हणून मलेरियाच्या मुलखात टिकलं. ब्रह्मदेवाच्या पायाचा इथं काय संबंध?

२०२३ साली दिल्लीनं मिशन काढलं. २०४७ पर्यंत सिकलसेल संपवणार म्हणे. सात कोटींची तपासणी, कार्डं. लग्नाआधी कार्डं जुळवा. ठीक. पण जन्मलेल्या पोराचं काय? हायड्रॉक्सीयुरियाची गोळी त्याला गावाजवळ, न चुकता मिळाली पाहिजे. डोक्याच्या रक्तवाहिन्यांची सोनोग्राफी जिल्ह्यातच झाली पाहिजे. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात सिकलसेल आहे. मग परीक्षेत त्याला जादा वेळ मागा. हेडमास्तरच्या टेबलावर तो कायदा ठेवायला पुढच्या सोमवारी कोण कोण येतंय?